मोटारीचे इंजिन : लहान घ्यावे की मोठे?



उसाची पहिली उचल बँकेत जमा झाली की कारखान्याच्या वाहन विभागात दोन प्रकारची माणसे येतात. एक, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कराराची चौकशी करणारी. आणि दुसरी, "साहेब, घरासाठी गाडी घ्यायची म्हणतोय, कुठली घेऊ?" असे विचारणारी. पहिल्यांचे उत्तर करारात छापलेले असते. दुसऱ्यांचे उत्तर मात्र ज्याच्या त्याच्या घरात असते, ते शोधून काढावे लागते. यंदा हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की एकदा सर्वांसाठी लिहूनच काढावे असे ठरवले.

पूर्वी या प्रश्नाला जागाच नव्हती. पद्मिनी घेतली तर १०८९ सीसीचे इंजिन, ॲम्बॅसडर घेतली तर १४८९ सीसीचे, आणि नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची ७९६ सीसीची छोटी गाडी रस्त्यावर आली, तेव्हा "एवढ्याशा इंजिनावर माणसं वाहील का ही?" असे लोक विचारत. तिने माणसे वाहिली. आता परिस्थिती उलट आहे. एकच गाडी, तेच दरवाजे, त्याच खुर्च्या. पण आत लहान इंजिन हवे की मोठे, ते तुम्ही सांगायचे.

एक बाप-लेक आणि एक वाद

परवा आपले एक जुने सभासद मुलाला घेऊन आले. आबा म्हणाले, "वॅगन-आर घ्यायचं पक्कं आहे. उंच आहे, घरातल्या म्हातारीला चढाय-उतरायला बरी. पण ह्याचं म्हणणं मोठं इंजिन पाहिजे. मी म्हणतो लहान बास झालं. तुम्ही सांगा."

मुलगा म्हणाला, "आबा, ताईच्या गावाला चिपळूणला जायचं तर कुंभार्ली घाट आहे. पाच माणसं, डबे, पिशव्या. लहान इंजिन घाटात दम टाकेल."

"आणि ते जादाचे पैसे? एका एकराचं ठिबक राहिलंय त्याचं काय?"

दोघांचेही खोटे नव्हते. म्हणून मी त्यांना बसवून घेतले आणि कागद-पेन्सिल काढली. तोच हिशेब खाली देत आहे. वॅगन-आरचे उदाहरण घेतले आहे ते एवढ्यासाठीच, की तिच्यात २०१९ पासून ९९८ सीसी आणि ११९७ सीसी अशी दोन्ही इंजिने मिळतात, त्यामुळे तुलना सोपी जाते. दुसरी कुठलीही गाडी घ्या, रीत हीच.

सीसी म्हणजे काय?

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. पिस्टन खाली गेला की सिलिंडरमध्ये जेवढी जागा होते, तिचे हे माप. लहान इंजिनात तीन सिलिंडर, प्रत्येकी सुमारे ३३३ सीसी. मोठ्यात चार सिलिंडर, प्रत्येकी सुमारे ३०० सीसी. जागा जास्त म्हणजे एका दमात हवा-पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. शिवाय चार सिलिंडरचे इंजिन थोडे शांत चालते. तीनाचे उभ्या गाडीत किंचित थरथरते. तो दोष नव्हे, जात आहे.

कंपनीच्या कागदावर दोन आकडे असतात. पहिला अश्वशक्तीचा : लहान इंजिनाची सुमारे ६७, मोठ्याची सुमारे ९०. दुसरा टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा : लहानाचा ८९, मोठ्याचा ११३ न्यूटन-मीटर.

इथे आबांनी मला अडवले. "थांबा साहेब. आपला ट्रॅक्टर पंचेचाळीसचा. दोन ट्रॉल्या भरून उसाच्या ओढतो. आणि ही एवढीशी गाडी सदुसष्ट? हे कसं काय?"

प्रश्न बिनतोड आहे. उत्तर असे, की अश्वशक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. ट्रॅक्टरचे इंजिन अडीच-तीन हजार सीसीचे असते आणि मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर आपली पूर्ण ताकद देते. मोटारीचे इंजिन त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. ते आपली सदुसष्ट अश्वशक्ती दाखवते मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर. म्हणजे ट्रॅक्टर हा सावकाश चालणारा बैल, आणि मोटार हे दुडकणारे तट्टू. तट्टू पळवले तरच त्याची ताकद दिसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण लहान-मोठ्या इंजिनाचे सगळे इंगित इथेच आहे.

आणखी एक. नुसत्या सीसीवर जाऊ नका. हवा दाबून भरणारा टर्बो लावला की ९९८ सीसीचेच इंजिन शंभर अश्वशक्तीपर्यंत जाते. तशा गाड्याही बाजारात आहेत. त्या महाग असतात, आणि टर्बोची बिघडण्याची एक जागा वाढते. आपण इथे साध्या इंजिनांचेच बोलत आहोत.

घाटाचा हिशेब

एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणे. विहिरीवरच्या मोटारीला जो हिशेब, तोच घाटातल्या मोटारीला.

गाडीचे वजन ८५० किलो धरा. पाच माणसे ३२५ किलो, सामान ५० किलो. एकूण १,२२५ किलो. चढ धरा पंधरास एक, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेले की एक मीटर वर. वेग ताशी ४० किलोमीटर. या वेगाने गाडी सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास (०.७४ मीटर) वर उचलली जाते. १,२२५ ला ०.७४ ने गुणा, ७५ ने भागा. उत्तर येते १२ अश्वशक्ती. टायरचे घर्षण आणि वारा कापणे यांना आणखी चार. एसी चालू असेल तर तीन-चार. झाली सगळी मागणी वीसच्या घरात.

हीच गाडी एकटा माणूस चालवत असेल तर चढायला १२ ऐवजी ९ अश्वशक्ती पुरते.

मुलगा म्हणाला, "मग सदुसष्टमधली वीसच लागते. लहान इंजिन पुरलं की!"

पुरते, पण केव्हा? तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीसला इंजिन साधारण दोन हजार फेऱ्यांवर असते. तिथे लहान इंजिन सदुसष्ट देत नाही. ढोबळमानाने बावीस देते. मागणी वीस, पुरवठा बावीस, त्यातून गिअर-बॉक्सची झीज वजा. हाताशी काहीच उरत नाही. वळणावर जरा वेग कमी झाला की गाडी धडधडू लागते आणि मागे बसलेली मंडळी पुढे बघू लागतात. मोठे इंजिन त्याच जागी अठ्ठावीसच्या आसपास देते, म्हणून तिसऱ्यातच निवांत चढते.

पण लहान इंजिनवाल्याने दुसरा गिअर टाकला, तर फेऱ्या तीन हजारांजवळ जातात आणि जोर पस्तिशीवर येतो. गाडी चढते. आवाज वाढतो, तो वाढू द्यायचा. तट्टू पळवायचे, एवढेच.

मी स्वतः पूर्वी एक जुनी लहान गाडी वापरत होतो. गणपतीपुळ्याहून येताना आंबा घाटात, पाच माणसे आणि एसी, मी हट्टाने तिसऱ्या गिअरमध्ये रेटत राहिलो. का, तर आवाज झाला की पेट्रोल जास्त जाते अशी माझी समजूत. एका वळणावर गाडी बंद पडली, मागून एसटी, घरच्यांचे चेहरे पांढरे. चूक गाडीची नव्हती, माझी होती. गिअर वेळेवर खाली घ्यायला शिकलो आणि त्याच गाडीने पुढे कितीतरी वेळा तोच घाट चढलो.

उतारालाही तोच नियम. ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. फक्त ब्रेकवर उतरू नका.

ओव्हरटेक आणि उसाची वाहने

हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातले रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेले असतात. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ताशी २५ ने चालला आहे आणि तुम्ही ४५ ने त्याला मागे टाकता असे धरा. त्याची लांबी आणि मागे-पुढे सुरक्षित अंतर मिळून तुम्हाला त्याच्यापेक्षा सुमारे ५० मीटर जास्त जायचे आहे. त्याला लागतात ९ सेकंद. तेवढ्यात तुम्ही ११२ मीटर पुढे जाता, आणि समोरून साठने येणारी गाडी १५० मीटर जवळ येते. म्हणजे समोर निदान २६० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे.

मोठ्या इंजिनाने यातले एक-दोन सेकंद वाचतात, विशेषतः गाडी भरलेली असताना. हा फायदा खरा आहे, तो नाकारू नये. पण मोठे इंजिन आहे म्हणून २६० मीटरचे १५० होत नाहीत. ज्याला थांबता येते त्याचे लहान इंजिन, ज्याला थांबता येत नाही त्याच्या मोठ्या इंजिनापेक्षा सुरक्षित. जाता जाता ट्रॅक्टर मालकांनाही विनंती : ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा. रात्री मागून येणारी गाडी कदाचित आपल्याच सभासदाची असेल.

पैशाचा हिशेब

आता आबांचा मुद्दा. पुष्कळांना वाटते की मोठे इंजिन पेट्रोल फार पिते. प्रमाणित चाचणीत हाताने गिअर बदलायच्या वॅगन-आरचे आकडे लिटरला २४.३५ आणि २३.५६ किलोमीटर असे आहेत. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवली तर फरक जेमतेम १४ लिटरचा. पेट्रोल १०५ रुपये धरले तर दीड हजाराच्या आत. प्रत्यक्षात दोन्ही गाड्या चाचणीपेक्षा कमीच चालतात, आणि फरक चालवणाऱ्याच्या पायावर जास्त अवलंबून असतो. म्हणजे पेट्रोल हे लहान इंजिन घेण्याचे मोठे कारण नव्हे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्यासारख्याच कारखान्यांच्या उसातून येते. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी, म्हणून मायलेज थोडे घटते. पण ते दोन्ही इंजिनांचे घटते. निवडीला त्याने फरक पडत नाही.

विम्यात मात्र फरक आहे. सक्तीचा थर्ड पार्टी विमा सीसीवर ठरतो. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दराने १,००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये, आणि त्यावर ७,८९७ रुपये. कर वेगळा. ९९८ आणि ११९७ मध्ये फरक १,३२२ रुपयांचा.

जीएसटीत दोघे एकाच पंगतीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के, त्यापुढच्या मोठ्यांवर ४० टक्के. बाजारात ११९७, ११९९ असे आकडे का दिसतात, ते यावरून ध्यानात येईल. आरटीओचा एकरकमी कर सीसीवर नव्हे, तर किंमत आणि इंधन यांवर असतो.

खरा फरक खरेदीत आहे. मोठे इंजिन बहुधा वरच्या श्रेणीतच मिळते. म्हणजे इंजिनाबरोबर चाके, पडदा, कॅमेरा यांचेही पैसे द्यावे लागतात. दोन्हीची कोटेशने घेऊन प्रत्यक्ष फरक काढा. आपण हिशेबासाठी ५० हजार धरू. एवढी रक्कम ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात घातली तर हप्ता १,०३८ रुपयांनी वाढतो, एकूण फेड ६२ हजारांच्या वर जाते. त्यात दहा वर्षांचा जादा विमा १३ हजार आणि जादा पेट्रोल १४-१५ हजार मिळवा. बेरीज ९० हजारांच्या आसपास. विकताना त्यातले थोडे परत मिळेल, पण सगळे नाही.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्या दराने ९० हजार म्हणजे पंचवीस टन ऊस, आणि तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. दहा वर्षांत इंजिनाच्या त्या दोनशे सीसींसाठी पंचवीस टन घालायचे का, हा खरा प्रश्न.

गॅस आणि डिझेल

ज्यांच्या गावाजवळ सीएनजी पंप आहे त्यांना तिसरा मार्ग आहे. वॅगन-आरमध्ये सीएनजी फक्त लहान इंजिनाला मिळतो. किलोला ३४ किलोमीटर असा प्रमाणित आकडा आहे. पण गॅसवर सुमारे दहा अश्वशक्ती कमी होते आणि डिकी टाकीनेच भरते. घाटाला पेट्रोलवर टाका.

"डिझेल म्हणजे ताकद" हा आपल्याकडचा जुना समज. ताकद आहे, पण एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी धरणारी जाळी असते. ती स्वतः साफ होण्यासाठी गाडी तापून बराच वेळ सलग चालावी लागते. घर ते शेत, शेत ते कारखाना अशा पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ती चोंदते, आणि मग गॅरेजच्या खेपा. रोजचे लांब पल्ले नसतील तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका.

मग आबांनी काय केले?

मी त्यांना एकच सांगितले. शोरूममधून चक्कर मारायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका. सपाट रस्त्यावर एका माणसाला घेऊन कुठलीही गाडी गोडच चालते. घरची माणसे भरा, एसी लावा, आणि डोंगरावरच्या देवळाच्या रस्त्याला घाला. आधी लहान, मग मोठी.

चार दिवसांनी दोघे आले. मुलगा म्हणाला, "लहानीत दुसरा टाकावा लागला चार वेळा. मोठीत एकदाच." आजीला विचारले तर तिचे म्हणणे, "मला काय फरक कळला नाही बाबा. दोन्हीत बसाय सोपं होतं."

मग आम्ही वर्षाचे दिवस मोजले. चिपळूणच्या खेपा चार. पाच माणसांनी लांबचा प्रवास आणखी पाच-सहा वेळा. बाकीचे दिवस दोन माणसे आणि नातवाची शाळा. आठ-दहा दिवस दुसरा गिअर टाकायचा, की पाच वर्षे हप्ता आणि दहा वर्षे विमा जादा भरायचा? मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आबा, ठिबक करून टाकू आधी." त्यांनी लहान इंजिन घेतले.

पण हे सर्वांना लागू नाही. पुढच्याच आठवड्यात दुसरे सभासद आले. त्यांच्या वडिलांना उपचारासाठी दर पंधरवड्याला घाटातून न्यावे लागते. बरोबर चार माणसे, कधी रात्री परतणे. त्यांना मी मोठ्या इंजिनाचा सल्ला दिला. त्यांच्या घरी तो पंचवीस टन ऊस सत्कारणी लागेल.

विहीर वीस फुटांवर असताना पाचाची मोटर बसवणारा वीज घालवतो, आणि खोल विहिरीला तिनाची बसवणारा मोटर जाळतो. तसेच हे. शेजाऱ्याच्या अंगणात कोणती गाडी आहे ते बघू नका. वर्षातले दिवस मोजा, गाडीतली माणसे मोजा, रस्त्यातले चढ मोजा. उत्तर घरातच निघेल.

गाडी घेण्याआधी कोटेशन घेऊन कोणी सभासद आले, तर हिशेब मांडून द्यायला वाहन विभाग केव्हाही तयार आहे. मात्र घरातल्या चालवणाऱ्यालाही बरोबर आणा. निर्णय एकाचा आणि गिअर दुसऱ्याच्या हातात, असे व्हायला नको.